एक्सपोर्टमधील रंगबदल

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठीक दिसणारा व्हिडिओ एक्सपोर्ट केल्यानंतर फिका, धुरकट, काळपट किंवा अतिउजळ दिसू लागणे, या दोषाला एक्सपोर्टमधील रंगबदल म्हणतात. पुष्कळदा फाइलमधील चित्र बिघडलेले नसतेच. त्यातील आकडे कसे वाचायचे याविषयी सॉफ्टवेअर, फाइल आणि प्लेअर यांच्यात एकवाक्यता नसते.

सर्वांत ठळक दिसणारा घोटाळा पातळ्यांचा असतो. ८ बिटांच्या व्हिडिओत प्रकाशमानतेसाठी प्रघाताने १६ ते २३५ हे आकडे वापरतात, तर संगणकाच्या पडद्यावर काळा ० आणि पांढरा २५५ असतो. मर्यादित पातळ्यांची (१६ ते २३५) फाइल पूर्ण पातळ्यांची (० ते २५५) समजून दाखवली, तर १६ हा काळा करडा होतो, २३५ हा पांढरा मळकट राहतो आणि सगळ्या चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटते. याउलट गफलत झाल्यास सावल्यांमधील तपशील काळ्यात बुडतो आणि उजळ भाग पांढरे फटक पडतात. चित्राचा उजळपणा आलेखात दाखवणाऱ्या वेव्हफॉर्म स्कोपवर पहिला प्रकार सहज ओळखता येतो, कारण काळ्याची रेषा तळाला न टेकता सुमारे ६ टक्क्यांवर तरंगते. अशा वेळी एक्सपोर्टच्या किंवा मूळ क्लिपच्या सेटिंगमध्ये पातळ्या योग्य निवडणे हाच इलाज आहे. कॉन्ट्रास्ट वाढवून हा दोष झाकला, तर योग्य वाचन करणाऱ्या दुसऱ्या प्लेअरमध्ये तीच फाइल काळवंडते.

मॅकवर आढळणारा गॅमाचा, म्हणजे आकड्यांचे उजेडात रूपांतर करणाऱ्या वक्राचा, फरक अधिक चकवा देणारा आहे. एचडी व्हिडिओचे बीटी.७०९ हे मानक कॅमेऱ्याच्या बाजूचे वक्र सांगते. पडद्याचा गॅमा २.४ असावा, हे बीटी.१८८६ या मानकाने २०११ मध्ये ठरवून दिले. फाइलवर १-१-१ असा टॅग (रंग कसे वाचायचे हे सांगणारी नोंद) असल्यास मॅकची रंगव्यवस्था ती सुमारे १.९६ गॅमा धरून उलगडते, त्यामुळे २.४ च्या मॉनिटरवर पाहून ग्रेड केलेले, म्हणजे रंग-उजेड जुळवलेले, चित्र क्विकटाइममध्ये मधल्या छटांत उजळ व फिके दिसते. टॅगमधील तीन आकड्यांपैकी पहिला प्राथमिक रंग, दुसरा वक्र आणि तिसरा रंगांचे मॅट्रिक्स, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांपासून प्रकाशमानता व रंग काढण्याचे सूत्र, सांगतो. दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रेक.७०९-ए हा पर्याय आहे. मात्र एका प्लेअरसाठी ग्रेडच बदलणे हा उपाय मूळ दोषापेक्षा अपायकारक ठरतो, कारण प्रेक्षक तो व्हिडिओ टीव्हीवर, फोनवर आणि ब्राउझरमध्येही पाहणार असतो.

टॅग नसलेल्या फाइलमध्ये काही प्लेअर चित्राच्या आकारावरून बीटी.६०१ (जुन्या एसडी व्हिडिओचे मानक) किंवा बीटी.७०९ यांपैकी एक मॅट्रिक्स गृहीत धरतात. हिरव्या रंगाचा प्रकाशमानतेतील वाटा पहिल्यात ०.५८७, तर दुसऱ्यात ०.७१५२ असल्याने चुकीच्या निवडीने लाल-हिरव्या छटा किंचित सरकतात.

फोनवरील एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला टिपणाऱ्या) चित्रीकरणाने यात नवी भर घातली. २०२० च्या आयफोन १२ पासून हे फोन डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकारात, एचएलजी या एचडीआर वक्रावर आधारित चित्रण करू लागले. अशी क्लिप नेहमीच्या ७०९ टाइमलाइनवर रूपांतर न करता ठेवल्यास, सॉफ्टवेअरनुसार, आभाळ आणि चेहऱ्यावरचा उजेड पांढरा फटक पडून तपशील जातो किंवा सारे चित्र निस्तेज होते. एक्सपोजरची पट्टी खाली ओढण्याऐवजी क्लिपची रंगव्याप्ती ओळखून टोन मॅपिंग, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला लहान पल्ल्यात बसवणे, वापरावे. कापला गेलेला तपशील एकदा ८ बिटांत एक्सपोर्ट झाल्यावर परत मिळत नाही.

दोष फाइलमध्ये आहे की प्लेअरमध्ये, हे ठरवण्याची भरवशाची रीत सोपी आहे. एक्सपोर्ट झालेली फाइल त्याच टाइमलाइनवर मूळ चित्राच्या वर ठेवून तिला डिफरन्स हा, दोन चित्रांतील फरक तेवढाच दाखवणारा, ब्लेंड मोड द्यावा. पडदा जवळजवळ पूर्ण काळा राहिला, तर संपादक वाचतो ते आकडे शाबूत आहेत आणि तपास टॅग व प्लेअरकडे वळवावा. संपूर्ण चित्राची आकृती उमटली, तर पातळ्या किंवा रंगरूपांतर तपासावे. कडांभोवतीची पुसट खळबळ मात्र केवळ कॉम्प्रेशनची असते.