हमिंगबर्डसाठी झुडपे: रंगाआधी बहराचा काळ

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात घरटे करणारी हमिंगबर्डची जात एकच, रुबी-थ्रोटेड. जेमतेम 3 ग्रॅम वजनाचा आणि सेकंदाला सुमारे 50 वेळा पंख हलवणारा हा पक्षी हिवाळ्यापूर्वी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे निघतो. त्यांतील अनेक पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे 800 किलोमीटरचे अंतर न थांबता पार करतात आणि त्यासाठी आधी चरबी साठवून आपले वजन जवळजवळ दुप्पट करून घेतात. म्हणूनच टेक्साससारख्या वाटेवरच्या राज्यात बाग करताना लाल फुले किती आहेत यापेक्षा ती कधी फुलतात, याचा विचार आधी करावा.

वसंतात पक्षी परततात तेव्हा तेथील रानझुडूप रेड बकाय लाल तुऱ्यांनी बहरलेले असते. मात्र त्याच्या बिया विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी ते जपूनच लावावे. हिवाळ्यापूर्वी दक्षिणेकडे जाताना खरा आधार टर्क्स कॅपचा. जास्वंदीच्या कुळातील हे झुडूप उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंत फुलते, तेही अर्ध्या सावलीत. त्याच्या पाकळ्या कधीच पूर्ण उमलत नाहीत. त्यांच्या गुंडाळीतून पुंकेसरांची नळी बाहेर डोकावते आणि तळाच्या मकरंदासाठी पक्ष्याने चोच आत घातली की पराग त्याच्या डोक्याला लागतात. महाराष्ट्रातील बागांमध्ये लोंबणारी मिरची जास्वंद याचीच जवळची नातलग. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत, त्यामुळे तिच्यावर येतात ते शिंजीर; ते पुष्कळदा फुलाच्या बुडाशी भोक पाडून, परागांना न शिवताच मकरंद पळवतात.

टर्क्स कॅप कडाक्याच्या थंडीत वरून जळते, पण मुळापासून पुन्हा फुटते, म्हणून हिवाळा सरताना त्याची बेधडक छाटणी करावी. सगळी झुडपे एकाच ताटव्यात लावू नयेत, कारण एखादा दांडगट नर तो ताटवा अडवून इतरांना हुसकावत राहतो. घराच्या दोन बाजूंना, एकमेकांआड लावलेली झुडपे अधिक पक्ष्यांना पुरतात. कीटकनाशक तर टाळावेच. हमिंगबर्डला प्रथिने मिळतात ती बारीक किडे आणि कोळी यांच्यापासून, आणि अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढे घरटे मादी बांधते तेही कोळ्याच्याच धाग्यांनी.