नाउन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब: क्लॉजचे हे तीन खाने आले कुठून?

‘अधोरेखित क्लॉजचा प्रकार ओळखा’ हा प्रश्न इंग्रजी व्याकरण शिकलेल्या बहुतेकांनी सोडवलेला असतो. क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्याच्या आतलं उपवाक्य; मुख्य वाक्यावर अवलंबून असेल तर ते गौण वाक्य. उत्तरं तीनच: नाउन, ॲडजेक्टिव्ह किंवा ॲडव्हर्ब. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती व्याकरणाइतकीच जुनी असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती जेमतेम दोनशे वर्षांची आहे, आणि ती आधी जर्मन भाषेसाठी मांडली गेली होती.

वाक्याचे तुकडे पाडण्याची सुरुवात व्याकरणात नव्हे, वक्तृत्वशास्त्रात झाली. ग्रीक वक्ते पूर्ण घडीव वाक्याला पीरियड म्हणत, त्याच्या एका अवयवाला कोलन आणि त्याहून लहान तुकड्याला कॉमा. आज ही विरामचिन्हांची नावं आहेत. त्या काळी प्रश्न लयीचा होता, कर्ता-क्रियापदाचा नव्हता. व्याकरणकारांचं लक्ष मुख्यतः शब्दांवर होतं. इ.स. 500च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिशियनने लॅटिनचं 18 खंडांचं व्याकरण लिहिलं, त्यातले शेवटचे दोनच वाक्यरचनेला मिळाले.

खरी कलाटणी 1660 साली फ्रान्समध्ये मिळाली. आर्नो आणि लान्सलो यांच्या पोर्ट-रॉयल व्याकरणाने ‘अदृश्य देवाने दृश्य जग निर्माण केले’ हे एक वाक्य घेतलं आणि त्यात तीन विधानं दडलेली दाखवली: देव अदृश्य आहे, देवाने जग निर्माण केलं, जग दृश्य आहे. मधलं मुख्य, बाकीची दोन त्याला जोडलेली. एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य असू शकतं, हा विचार इतक्या स्वच्छपणे मांडलेला पाहून मला आजही आनंद होतो.

इंग्रजीत मात्र तो लगेच रुजला नाही. रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये साध्या वाक्याची कसोटी दिली: एक कर्ता आणि एक फायनाइट क्रियापद, म्हणजे काळ-पुरुष दाखवणारं क्रियापद. 1795 मध्ये लिंडले मरे यांनी तीच पुढे चालवली. त्यांच्याकडे वाक्यांचे प्रकार दोनच होते, सिंपल आणि कंपाउंड. आज आपण ज्याला कॉम्प्लेक्स म्हणतो, म्हणजे मुख्य वाक्याला गौण वाक्य जोडलेलं, ते वाक्यही कंपाउंडमध्येच मोडत असे.

मग आले कार्ल फर्डिनांड बेकर. पेशाने डॉक्टर असलेल्या या जर्मन गृहस्थांनी 1820च्या दशकात मांडलेला विचार साधा होता: गौण वाक्य म्हणजे एखाद्या शब्दाचाच विस्तार. ‘अ ट्रूथफुल मॅन’ मधलं विशेषण पसरवा, ‘अ मॅन हू टेल्स द ट्रूथ’ मिळेल. ही ॲडजेक्टिव्ह क्लॉज. ‘ही लेफ्ट अर्ली’ मधलं क्रियाविशेषण पसरवा, ‘ही लेफ्ट बिफोर द सन रोझ’ होईल; ही ॲडव्हर्ब क्लॉज. नामाच्या जागी अख्खं वाक्य आलं की नाउन क्लॉज. शाळातपासनीस जे. डी. मोरेल यांनी 1852 मध्ये बेकर यांची पद्धत इंग्रजीत आणली आणि वाक्यपृथक्करण शाळांत शिरलं. तक्त्यात बसणारं, गुण देता येतील असं व्याकरण परीक्षांना हवंच होतं. भारतात शिक्षणखात्यात काम केलेल्या जे. सी. नेस्फील्ड यांच्या पुस्तकांतही हीच चौकट आहे. अमेरिकेत रीड आणि केलॉग यांनी 1877 मध्ये वाक्याची आकृतीच काढली: मुख्य वाक्य वरच्या आडव्या रेषेवर, विशेषणासारखं गौण वाक्य खालच्या रेषेवर, आणि दोघांना जोडणारी तुटक तिरकी रेषा.

भाषा अर्थातच हे खाने आखले जाण्याआधी हजार वर्षं अशी वाक्यं बनवत होती. जुन्या इंग्रजीत ‘था… था…’ अशी जोडी असे, अगदी आपल्या ‘जेव्हा… तेव्हा…’सारखी. पण दोन्हीकडे शब्द एकच, त्यामुळे जेव्हा कुठला आणि तेव्हा कुठला हे बरेचदा क्रियापदाच्या जागेवरून कळे. ‘व्हाइल’ हे मुळात ‘वेळ’ या अर्थाचं नाम होतं आणि ‘बिकॉज’ ‘बाय कॉज दॅट’ अशा शब्दसमूहातून घडलं. उभयान्वयी अव्ययं पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा इतिहास सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं. यादीतले शब्द मग सुटे राहत नाहीत.

आज दोन पुस्तकं समोर ठेवली की गोंधळ होतो, त्याचं मूळही या इतिहासात आहे. ‘टु एर इज ह्यूमन’ मधलं ‘टु एर’ शालेय व्याकरणात फ्रेज, म्हणजे नुसता शब्दसमूह, ठरतं, कारण तिथे लाउथ यांची फायनाइट क्रियापदाची कसोटी अजून चालते. 1985 मध्ये क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या बृहद्व्याकरणाने नॉन-फायनाइट, म्हणजे काळ-पुरुष न दाखवणाऱ्या क्रियापदाच्या, रचनांनाही क्लॉज मानलं, म्हणून तिथे तेच ‘टु एर’ क्लॉज आहे. दोन्ही उत्तरं आपापल्या चौकटीत बरोबर आहेत. विद्यार्थ्याला चौकट कोणती ते न सांगता नुसतं ‘चूक’ म्हणणं अन्यायाचं आहे.

बेकर यांच्या खान्यांनाही धक्के बसले. डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1924 मध्येच विचारलं होतं: ‘बिफोर हिज अरायव्हल’ मध्ये ‘बिफोर’ शब्दयोगी आणि ‘बिफोर ही अराइव्ह्ड’ मध्ये उभयान्वयी, असं एकाच शब्दाचं दोन जातींत वाटप कशासाठी? 2002 मध्ये हडलस्टन आणि पुलम यांनी हा धागा शेवटापर्यंत नेला. त्यांच्या व्याकरणात ‘बिफोर’ दोन्हीकडे प्रिपोझिशनच, म्हणजे शब्दयोगीच, आहे. एकदा त्याच्यामागे नाम येतं, एकदा क्लॉज. ‘बिकॉज’सुद्धा त्याच वर्गात जातं, आणि ॲडव्हर्ब क्लॉज हा खाना तिथे उरतच नाही.