ज्ञानेश्वर चार अक्षरी की दहा?

शनिवार पेठेतल्या आमच्या गणपती मंडळाच्या १४० कार्यकर्त्यांची ओळखपत्रं करायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं. डिझाइन एकच, बदलतं फक्त नाव. गेली दोन वर्षं कॉपी-पेस्ट केलं आणि दोन्ही वेळा कुणाचं तरी नाव दोनदा छापून आलं. यंदा म्हटलं, स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहूनच बघू.

डिझाइनसाठी मी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट मिळतं, आणि त्याची एसव्हीजी फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडते. आत चित्रबित्र काही नाही, नुसता मजकूर: इथे आयत, इतका रुंद, हा रंग, हे शब्द. त्यामुळे पहिली स्क्रिप्ट अगदी बाळबोध असली तरी चालते. कार्डावर नावाच्या जागी ‘नावइथे’ असं लिहून ठेवायचं. मग पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आठ-दहा ओळी: यादी उघड, एक नाव घे, ‘नावइथे’च्या जागी घाल, फाइल नव्या नावाने सेव्ह कर, पुढचं नाव घे.

पहिल्या फेरीत सगळ्या कार्डांवर प्रश्नचिन्हं आली. यादी सेव्ह करताना मी यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी नीट साठवणारा पर्याय, निवडलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत कार्डं टपाल तिकिटाएवढी झाली, कारण रुंदी नुसती ८६ लिहिली होती, पुढे मिलिमीटर नाही. एकक नसलं की एसव्हीजी ते पिक्सेल धरतं. एका इंचात ९६ पिक्सेल, म्हणजे ८६ पिक्सेलचे जेमतेम २३ मिलिमीटर.

खरी गंमत पुढे. लांब नावं चौकटीबाहेर जात होती, म्हणून मी अट घातली: आठपेक्षा जास्त अक्षरं असतील तर टाइप बारीक कर. तर ‘ज्ञानेश्वर’ बारीक झाला! बोटांवर मोजा: ज्ञा, ने, श्व, र. चारच. पण पायथन युनिकोडचे, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला दिलेले, क्रमांक मोजतं. त्याच्या लेखी ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे दहा होतात. नुसत्या ‘श्री’चे चार. आपण शाळेत जोडाक्षर एक अक्षर म्हणून शिकलो. संगणकाच्या साठवणीत ते सुटं सुटंच असतं, जोडकाम फॉन्ट करतो. तेव्हा अक्षरं मोजायचा नाद सोडला. इंकस्केपला कमांड देऊन मजकुराची रुंदी विचारता येते, तीच विचारली आणि ७० मिलिमीटरच्या पुढे गेली तरच टाइप बारीक केला.

एवढं जमेपर्यंत दोन रात्री गेल्या. हाताने एका रात्रीत झालं असतं, हे घरच्यांनी ऐकवलंच. विसर्जनाच्या चार दिवस आधी अध्यक्षांचा फोन आला, “ताई, लोगो जरा मोठा करा ना. आणि अकरा पोरं वाढलीत.” मूळ कार्डावर लोगो ओढून मोठा केला, यादीत अकरा नावं टाकली, स्क्रिप्ट चालवली आणि चहा टाकायला उठले. परत आले तर १५१ फाइली तयार होत्या. खजिनदारांचं आडनाव यादीत चुकलं होतं, तेही तसंच्या तसं छापून आलं.