कंपनी हायकोर्टात गेली म्हणून पगार बुडत नाही

कामगार न्यायालयात जिंकलेल्या माणसाला गेटवर हमखास ऐकवलं जातं, "साहेब हायकोर्टात गेलेत, आता दहा वर्षं काही मिळायचं नाही." निम्मं खरं आहे. निवाड्यावर सरळ अपील नसतं. मालक घटनेच्या कलम 226 किंवा 227 खाली रिट याचिका करतो, आणि ती खरंच रेंगाळते.

पण निवाड्यात पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम असेल, तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 17ब प्रमाणे प्रकरण हायकोर्टात वा सुप्रीम कोर्टात असेपर्यंत कामगाराला पूर्ण पगार द्यावा लागतो. हे कलम 1984 पासून लागू झालं आणि 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद कायम आहे. निवाड्याला स्थगिती मिळाली म्हणून हा हक्क जात नाही. अट एकच: दुसरीकडे नोकरी नाही, असं प्रतिज्ञापत्र स्वतः दाखल करायचं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण हे त्यांना कुणी सांगतच नाही. रक्कम मात्र शेवटी हातात पडलेल्या पगाराइतकीच, म्हणजे जुन्याच दराने. पुढे मालक जिंकला तरी ती परत करावी लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने देना बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलंय.