मास शूटिंगचा डेटा (अमेरिका)

मास शूटिंगचा डेटा : एकाच घटनेत अनेकांवर झालेल्या गोळीबाराच्या नोंदी गोळा करून त्यावर केलेला अभ्यास. ह्यात खरं भांडण व्याख्येवरून आहे. १९८० च्या दशकापासून एफबीआयकडे चार किंवा जास्त खून म्हणजे मास मर्डर असा ढोबळ निकष होता, त्यात बंदूकच हवी असं काही नव्हतं, मग जानेवारी २०१३ मध्ये सही झालेल्या केंद्रीय कायद्याने आकडा तीनवर आणला पण तोही 'मास किलिंग'साठी, त्यामुळे मास शूटिंगची सगळ्यांना मान्य अशी सरकारी व्याख्या नाहीच. मदर जोन्स मासिकाची यादी (१९८२ पासूनच्या घटना, काम सुरू २०१२ मध्ये, कोलोरॅडोतल्या ऑरोराच्या थिएटरमधल्या गोळीबारानंतर) फक्त मेलेले मोजते, आधी चार आणि २०१३ पासून तीन, शिवाय गँगची भांडणं, घरातले खून वगळते. गन व्हायोलन्स अर्काइव्ह ह्या गोळीबारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला हल्लेखोर सोडून चौघांना गोळी लागली की पुरे, मेले की वाचले हा प्रश्न नंतरचा. म्हणूनच डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या गोळीबाराची घटना झाली तेव्हा मदर जोन्सच्या हिशोबाने त्या वर्षीच्या घटना ४, आणि जखमींनाही धरणाऱ्या दुसऱ्या एका यादीत ३५० च्या वर! दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच, पण टीव्हीवर व्याख्या कोण सांगतंय. हल्लेखोर असं का करतात हे शोधायचं असेल तर पीटरसन आणि डेन्सली ह्या संशोधकांचा १९६६ पासूनचा डेटाबेस जास्त कामाचा वाटतो, कारण त्यात हल्लेखोरांच्या आयुष्याची माहिती आहे.

सरकारी आकडेही जपूनच वापरावेत. २०१५-१६ च्या शिक्षण खात्याच्या पाहणीत सुमारे २४० शाळांत गोळीबार झाल्याचं आलं, एनपीआर रेडिओने फोन करकरून विचारलं तर खात्री झाली फक्त ११ घटनांची. ओहायोत एका ठिकाणी ३७ हा आकडा चुकून फॉर्मच्या भलत्याच ओळीत पडला होता.

पैशाचं म्हणाल तर १९९६ च्या डिकी दुरुस्तीत (बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी सीडीसीचा पैसा वापरू नये, अशी बजेटातली अट) संशोधनावर सरळ बंदी नव्हती, पण सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेचे २६ लाख डॉलर कापले गेले आणि संस्थेने विषयच जवळपास सोडला. संशोधन करायला हरकत नाही असा खुलासा २०१८ मध्ये झाला, आणि २०२० च्या बजेटात सीडीसी व एनआयएच (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) मिळून २.५ कोटी डॉलर आले. २०२१ मध्ये एफबीआयने गुन्ह्यांच्या नोंदींची सिस्टिम बदलली तेव्हा न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या पोलीस खात्यांचा डेटा त्यात आलाच नाही.