पाणी वेगळे आणि सूप वेगळे

गेल्या आठवड्यात आमच्या व्याह्यांनी आम्हाला सोलापुरातल्या होटगी रस्त्यावरील एका चांगल्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीच्या जेवणास नेले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी गेले तीन महिने आहार मोजून घेत असल्याने भाज्या वाटून केलेले सूप, काकडी-टोमॅटोचे सॅलड आणि लोणी न लावलेली एक तंदुरी रोटी एवढेच मागवले. त्यावर व्याही आपुलकीने म्हणाले, ‘‘अहो, सूप म्हणजे नुसते पाणीच की! त्यापेक्षा दोन ग्लास पाणी प्या आणि आमच्याबरोबर पनीर घ्या. पोट भरल्याशी कारण.’’ पंगतीत वाद नको म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. परंतु हा गैरसमज घरोघरी आढळतो आणि त्यामागचे शरीरशास्त्र इतके सुंदर आहे, की ते सविस्तर सांगावेसे वाटते.

स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्यापासून ४, आणि पाण्यापासून शून्य, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणूनच १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ किलोकॅलरी असतात, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास. येथपर्यंत व्याह्यांचे म्हणणे बरोबरच वाटते, कारण पाण्याने आकारमान वाढते आणि ऊर्जा वाढत नाही. प्रश्न असा आहे, की ते पाणी अन्नाच्या आत आहे की अन्नाच्या शेजारी ग्लासात, याने काही फरक पडतो का?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेमका हाच प्रश्न विचारला होता. चोवीस स्त्रियांना जेवणाआधी एके दिवशी कोंबडी, भाज्या आणि भात यांचा शिजवलेला पदार्थ दिला, दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ एक मोठा ग्लास पाण्याबरोबर दिला, आणि तिसऱ्या दिवशी तेच पाणी त्यात घालून त्याचे सूप करून दिले. तिन्ही दिवशी घटक तेच आणि ऊर्जाही तेवढीच होती. सूपनंतरच्या जेवणात मात्र त्यांनी सुमारे पाव हिस्सा कमी ऊर्जा घेतली. ग्लासभर पाण्याने काहीही फरक पडला नाही.

याचे उत्तर जठराच्या रचनेत आहे. जठर ही नुसती पिशवी नव्हे. त्याचा वरचा भाग सैल पडून अन्न साठवतो. रिकामे असताना ज्यात अर्धा कपही मावत नाही, ते जठर जेवताना ताणून लिटरभर अन्न सामावून घेते. खालचा भाग मात्र जाड स्नायूंचा असून तो जात्यासारखे दळण्याचे काम करतो. जठराच्या भिंतीत काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात. त्या दर मिनिटाला साधारण तीन विद्युतलहरी निर्माण करतात आणि त्या ठेक्यावर आकुंचनाच्या लाटा खाली सरकत जातात. जठराच्या खालच्या तोंडाशी, लहान आतड्याकडे उघडणारे पायलोरस नावाचे दार त्या वेळी जेमतेम किलकिले असते, त्यामुळे एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण तेथून परत मागे फेकला जातो आणि पुन्हा दळला जातो. थोडक्यात, ही एक चाळणी आहे.

आता रोटी, भाजी आणि वर दोन ग्लास पाणी अशा जेवणाचे काय होते ते पाहा. चाळणीतून पाणी आधी जाते आणि घास मागे राहतात. जठराच्या आतल्या आखूड वळणाच्या बाजूने पाण्याला जी वाट मिळते तिला जर्मन भाषेत मागेनश्ट्रासे, म्हणजे जठरातील रस्ता, असे नाव आहे. अन्नाने भरलेल्या जठरातूनही पाणी या वाटेने झपाट्याने पुढे निघून जाते. जठराचा ताण उतरतो आणि तो ताण मोजणारे व्हेगस मज्जातंतूचे धागे शांत होतात. या मज्जातंतूतील बहुतांश धागे मेंदूकडून पोटाकडे नव्हे, तर पोटाकडून मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे संदेश नेणारे असतात, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

वाटलेले सूप एकजीव असते. त्यातील पाणी वाटलेल्या भाजीच्या तंतूंत आणि फुगलेल्या पिष्टाच्या कणांत अडकलेले असल्याने चाळणीला ते वेगळे काढता येत नाही. पाणी पुढे जायचे तर ते अन्न घेऊनच जाते, आणि येथे दुसरी यंत्रणा आडवी येते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील पेशींना मेदाम्ले आणि प्रथिनांचे तुकडे जाणवले, की त्या कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात. ते पायलोरस आवळते आणि त्याच व्हेगसमार्फत मेंदूला ‘पुरे’ असे कळवते. परिणामी जठर मिनिटाला साधारण दोन-तीन किलोकॅलरी एवढ्याच बेताने रिकामे होत राहते. म्हणजे अन्नात अडकलेल्या पाण्यालाही अन्नाच्याच गतीने जावे लागते आणि पोट अधिक वेळ ताणलेले राहते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एमआरआयच्या साहाय्याने हे प्रत्यक्ष पाहिले: तेच मांस, त्याच भाज्या आणि तेच पाणी वाटून दिल्यावर जठर अधिक वेळ भरलेले राहिले आणि भूकही अधिक वेळ दबली.

यातून दोन गोष्टी ओघानेच येतात. वर तरंगणाऱ्या भाज्यांच्या पातळ, पारदर्शक सूपमधील पाणी सुटेच असते, त्यामुळे ते वाटलेल्या सूपपेक्षा लवकर जठरातून पुढे जाते. आणि क्रीमचे सूप अधिक काळ पोटात राहते खरे, परंतु ते त्याच्या जादा ऊर्जेमुळे. २५ टक्के स्निग्धांशाचे ३० मिलिलिटर क्रीम घातले, की जवळजवळ ६८ किलोकॅलरी वाढतात. हॉटेलातील जेवणात नेमका हाच हिशेब डोळ्यांना दिसत नाही. रोटीवर ब्रशने फिरवलेले दहा ग्रॅम लोणी म्हणजे ७० किलोकॅलरींहून अधिक, आणि ते क्षणात रोटीत जिरूनही जाते.

जेवताना पाणी प्यायल्याने जठराग्नी विझतो, ही समजूतही या निमित्ताने टाकून द्यावी. जठर दिवसाला दीड-दोन लिटर आम्लयुक्त रस स्रवते आणि लागेल तसे आम्ल वाढवते; तेथे विझणारी कोणतीही चूल नाही. तसेच चरबी जाळणारे सूप किंवा शरीरातील विषे काढणारे पेय अशा जाहिरातींवरही विश्वास ठेवू नये. सूप चरबी जाळत नाही. ते पुढचा घास थोडा लहान करते, एवढेच त्याचे काम आहे आणि ते मोलाचे आहे.

आपल्या भागात ज्वारीची आंबील करतात, तिचा विचार मला या संदर्भात वारंवार येतो. ताकात कालवून आंबवलेले मूठभर पीठ पाण्यात शिजवले, की पिष्टाचे कण फुगून पाणी धरून ठेवतात आणि सुमारे १०० किलोकॅलरींत दोन वाट्या भरतात. वाटी दहा मिनिटे तशीच ठेवली तरी वर पाणी सुटत नाही. घरच्या घरी करता येईल अशी हीच परीक्षा आहे, आणि त्या रात्री मी तीच हॉटेलच्या सूपवर करून पाहिली. वाढप्याला क्रीम घालू नका असे आधीच सांगितले होते. चमचा फिरवल्यावर दाट हिरव्या सूपमध्ये चर उमटली आणि सावकाश मिटली. कडेला पाणी सुटले नव्हते. व्याह्यांनी आग्रहाने पनीरचा डोंगा पुढे केला तेव्हा मी एक तुकडा घेतला, आणि रोटी अर्धीच राहिली.