पूर, गाडीचं इंजिन आणि विमा: पार्श्वभूमी

पुण्याजवळचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हा देशात मोटार विमा सक्तीचा होऊन पंधरा वर्षं झाली होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातलं विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. पण सक्ती होती ती दुसऱ्याच्या नुकसानीपुरती. १९८८ च्या कायद्यानेही ती तेवढीच ठेवली. म्हणून नुसत्या थर्ड पार्टी विम्यावर पुरात बुडालेल्या स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही.

२००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर-अटींच्या नियमावलीत, पॅकेज पॉलिसीच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या फर्स्ट पार्टीच्या, जोखमींत पूर, वादळ, गारपीट, भूकंप, वीज, दरड कोसळणं हे सगळं होतं. वगळलेल्या गोष्टींत मात्र परिणामी नुकसान (मूळ घटनेमुळे थेट न होता तिच्यापाठोपाठ होणारं नुकसान) आणि यांत्रिक-विद्युत बिघाड होते. १ जानेवारी २००७ ला स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर खुले झाले, तरी मूळ कलमं तीच राहिली.

पुराचे बहुतेक वाद परिणामी नुकसानाच्या कलमापाशीच अडतात. आत शिरलेल्या पाण्याने सीट, कार्पेट, वायरिंग खराब झालं तर ते पुराचं नुकसान. पण बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला, की एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुकसान तपासणारा सर्व्हेअर याला परिणामी नुकसान ठरवतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. पुढे ॲड-ऑनला, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायच्या जादा संरक्षणाला, परवानगी मिळाली आणि जादा हप्ता घेऊन इंजिन प्रोटेक्शन मिळू लागलं. झिरो डेप (घसारा न कापणारा ॲड-ऑन) ही वेगळी गोष्ट: त्याने रबर-प्लास्टिकच्या भागांवरची ५० टक्के घसाऱ्याची कपात वाचते, इंजिनचा प्रश्न सुटत नाही.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक झाला. सोबतचा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, अनेकांनी एकाच वर्षाचा घेतला. सप्टेंबर २०१८ मध्ये घेतलेल्या अशा गाडीच्या कागदावर २०२१ ची तारीख, पण पुरापासूनचं संरक्षण सप्टेंबर २०१९ मध्येच संपलेलं! आणि त्याच महिन्यात, २५ तारखेच्या रात्री, पुण्यात आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत गाड्या एकमेकींवर रचल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंग बुडाली.

नदी-ओढ्याकाठच्या सोसायटीत, विशेषतः तळघरात गाडी लावणाऱ्याने इंजिन प्रोटेक्शन घ्यायलाच हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढावेत, शक्य आणि सुरक्षित असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, कंपनीला लगेच कळवावं आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी. सर्व्हेअरने पाहण्याआधी इंजिन उघडू देऊ नये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपलीकडे गेला, तर गाडी टोटल लॉस धरली जाते.